तीन मीटरवरचा माणूस

भुसावळला रॉबर्ट गिलची कबर आहे आणि चाळीसगावला स्टेशनाजवळ केकी मूस यांचा बंगला. एकाच लोहमार्गावरची ही दोन ठिकाणं एकमेकांपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत, आणि खानदेशातल्या छायाचित्रणाचा विषय निघाला की ही दोनच नावं आधी पुढे येतात. गिल मराठी वाचकाला आठवतो तो त्याच्या प्रेयसी पारोमुळे आणि ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकवितेमुळे. पण अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करणाऱ्या आणि १८७९मध्ये वारलेल्या या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने पुढे कुंचल्याबरोबर कॅमेराही हाती घेतला होता आणि त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रं १८६४मध्ये पुस्तकरूपाने निघाली होती. त्या काळच्या कॅमेऱ्याला तिपाई लागे, काचेच्या प्लेटा लागत, आणि उजेड आत घ्यायला इतका वेळ लागे की चालता माणूस प्लेटवर धड उमटतच नसे. लेणी जागची हलत नाहीत, म्हणून ती नीट आली. केकी मूस (१९१२-१९८९) यांची गोष्ट उलटी. हा माणूस उणीपुरी पन्नास वर्षं चाळीसगावच्या त्या घरातून जवळजवळ बाहेरच पडला नाही. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, त्यांवर हवा तसा उजेड पाडायचा आणि बघणाऱ्याला अख्खा देखावा वाटेल असं चित्र काढायचं, ही त्यांची ‘टेबल-टॉप’ कला. म्हणजे एकाच्या यंत्राला रस्त्यावरचा माणूस पेलत नव्हता आणि दुसऱ्याला रस्त्यावर जायचंच नव्हतं. जळगावचा दाणा बाजार किंवा धुळ्याचा आग्रा रोड या दोघांच्याही चौकटीबाहेर राहिला.

टेबलावर काम करणाऱ्याच्या हाती सगळं असतं: वस्तू, उजेड, पार्श्वभूमी, अंतर. रस्त्यावर यातलं जवळजवळ काहीच हाती राहत नाही. माणूस कुठे वळेल, हातगाडी कधी आडवी येईल, पत्र्याच्या शेडमधून उन्हाची तिरीप कुणाच्या खांद्यावर पडेल, हे ठरवणारे आपण कोण? आपल्याला ठरवता येतं ते एकच, आपण किती जवळ उभं राहायचं. आणि ते अंतर पाय ठरवत नाहीत, घरातून निघताना कॅमेऱ्याला लावलेली लेन्स ठरवते. म्हणून रस्त्यावरच्या छायाचित्रणासाठी लेन्स कोणती घ्यावी, हा प्रश्न वरवर दुकानातला वाटला तरी तो माणसांशी कसं वागावं याचा प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की लहान, नजरेत न भरणारी लेन्स घ्यावी हा सर्वत्र मिळणारा सल्ला बरोबर आहे, पण त्याचं जे कारण सांगितलं जातं ते चूक आहे. ‘कुणाच्या लक्षात येत नाही’ हे ते कारण. जळगाव-धुळ्यासारख्या गावात कॅमेरा घेतलेला अनोळखी माणूस पहिल्या मिनिटात लक्षात येतो. लेन्स करंगळीएवढी असली तरी येतो. चहाच्या टपरीवरून प्रश्न येतोच: “काय भाऊ, कसाले फोटो काढी ऱ्हायना?” लपायची सोय इथे मुळातच नाही. लहान लेन्सचा उपयोग जवळ जायला होतो.

हे नुसतं तत्त्वज्ञान वाटू नये म्हणून थोडं गणित मांडतो. उभ्या माणसाचं पायापासून डोक्यापर्यंत चित्र घ्यायचं आहे, कॅमेरा आडवा धरला आहे, वर-खाली थोडी जागा सोडली आहे, म्हणजे चौकटीत दोन मीटर उंची बसवायची आहे. पूर्ण आकाराचं सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स असेल तर साधारण तीन मीटरवर उभं राहावं लागतं. ५० असेल तर सव्वाचार मीटर. ७०-२०० ही लग्नाच्या कामातली लाडकी झूम २०० वर नेली, तर जवळजवळ सतरा मीटर. भर बाजारात फोटोग्राफर आणि भाजीवाली यांच्यामध्ये सतरा मीटरचा मोकळा पट्टा कधी मिळतो? त्या सतरा मीटरांत दोन मोटारसायकली, एक रिक्षा, गोणी पाठीवर घेतलेला हमाल आणि मध्येच थांबून गप्पा मारणारे दोघे असतातच. ते हलेपर्यंत भाजीवालीच्या हातातला तराजू खाली आलेला असतो. शिवाय लांबच्या लेन्समध्ये मागची दुकानं पुढे ओढल्यासारखी दिसतात, त्यामुळे चेहरा मिळतो पण ती बाई नेमकी कुठे बसली आहे, तिच्या शेजारी कोण आहे, पायरी कुणाच्या दुकानाची आहे, हे सगळं पुसट होतं. तो चेहरा मग नाशिकचाही असू शकतो आणि नागपूरचाही.

इथे एक नेहमीची फसगत सांगायला हवी. स्वस्त आणि लहान म्हणून बहुतेक हौशी लोक पहिली घेतात ती ५० मिलिमीटर एफ १.८. कॅननची या मापाची सध्याची लेन्स १६० ग्रॅमची आहे, चित्रही देखणं देते. पण ती ज्या कॅमेऱ्यांवर बसते ते बहुधा लहान सेन्सरचे असतात, आणि त्यांवर ती ८० मिलिमीटरसारखी वागते. वरचाच हिशेब लावला तर उभ्या माणसासाठी साडेसहा मीटरपेक्षा जास्त मागे सरकावं लागतं. धुळ्याच्या जुन्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत, गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा असे पत्ते सांगितले जातात. १८१९च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ आखून वसवली, त्या सरळ आखणीची ही खूण. अशा गल्लीत दोन्ही बाजूंच्या पायऱ्या आणि उभ्या केलेल्या गाड्या वजा केल्या की साडेसहा मीटर मागे सरकणाऱ्याची पाठ समोरच्याच्या ओट्याला लागते. म्हणजे लेन्स हातात लहान दिसते, पण काम करताना लांबची ठरते. लहानपणा मिलिमीटरच्या आकड्यात बघायचा, पाकिटावरच्या चित्रात नाही. त्याच कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लावली की अंतर पुन्हा सव्वातीन मीटरच्या आसपास येतं. कॅननची २४ मिलिमीटर एफ २.८ ‘पॅनकेक’, म्हणजे धिरड्यासारखी चपटी लेन्स, २०१४मध्ये आली. ती सव्वाशे ग्रॅमची आहे आणि अडीच सेंटिमीटरही पुढे येत नाही. सव्वाशे ग्रॅम म्हणजे जळगावच्या एका बऱ्यापैकी केळ्याचं वजन. त्याच कंपनीच्या ७०-२०० एफ २.८ची दुसरी आवृत्ती दीड किलोला दहा ग्रॅम कमी भरते. फुजीच्या २७ मिलिमीटर एफ २.८ची पहिली आवृत्ती तर ८० ग्रॅमच्याही आत आहे आणि तिच्यातून दिसतं ते जवळपास पूर्ण सेन्सरवरच्या चाळीससारखं.

मग मोठ्या लेन्स निघतातच कशाला? उजेडासाठी. एफपुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त; म्हणून एफ १.४ हवी असेल तर काचा मोठ्या कराव्या लागतात, काचा मोठ्या म्हणजे नळकांडं मोठं, आणि त्यावर पुन्हा हुड. पण खानदेशात दिवसा उजेडाची कमतरता ही तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही. जळगाव आणि धुळे दोन्ही शहरं २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण तिच्या बुडाशीच गोळा होते. अशा उन्हात आयएसओ ४०० ठेवून एफ ८ वर शटर सेकंदाच्या सोळाशेव्या भागाच्या आसपास येतं. दुकानाच्या ताडपत्रीखाली गेलं की उजेड तीन-चार पायऱ्या उतरतो, तरी एफ ८ वर १/१२५ मिळून जातो. आणि एफ ८ला एक मोठा फायदा आहे. ३५ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवून फोकस तीन मीटरवर बांधून टाकला, तर साधारण १.९ मीटरपासून ७.२ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. लहान सेन्सरवर १८ मिलिमीटर लावून दोन मीटरवर फोकस ठेवला तर एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत. फोकस शोधत बसायचं कारणच उरत नाही. कॅमेरा डोळ्यांसमोर येतो, शटर दाबलं जातं, कॅमेरा खाली जातो. जी लेन्स एफ १.४ला विकत घेतली आणि आयुष्यभर एफ ८ला वापरली, तिच्यातली वाढीव काच नुसती मानेला ओझं.

यावरचा पहिला आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो खरा आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाजारात असतं कोण? पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की शटर अर्धी खाली येतात, माणसं तोंडाला उपरणं किंवा रुमाल गुंडाळून भराभर निघून जातात, आणि वरून कोसळणाऱ्या उन्हात टोपीखालचे डोळे नुसत्या काळ्या खोबणी दिसतात. गाव खरं जागं होतं ते संध्याकाळी सातनंतर, आणि तेव्हा एफ ८ची सगळी ऐट उतरते. हे मान्य. पण तेव्हाही एफ १.४ची मोठी लेन्सच लागते, असं होत नाही. दुकानांच्या दिव्यांत उजळलेल्या रस्त्यावर एफ २.८ आणि आयएसओ १६०० यांत काम भागतं, आणि आताचे कॅमेरे ३२००लाही फार कुरकुर करत नाहीत. तिथे अडचण वेगळीच असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हातगाड्यांवरचे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि शटर फार वेगात ठेवलं की चित्रात काळे पट्टे उमटतात. १/१०० किंवा त्याहून सावकाश शटर ठेवलं की ते जातात. म्हणजे रात्री शटर मुळात सावकाशच ठेवायचं आहे. ज्याला बहुतेक काम रात्रीच करायचं आहे त्याने एफ २ची घ्यावी. ती दीडपावणेदोनशे ग्रॅमची मिळते, एवढी सूट ठीक आहे. त्यापुढे जाण्यात मला हौसच जास्त दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लांबच्या लेन्सने माणूस नैसर्गिक राहतो, जवळ गेलं की तो फोटोसाठी चेहरा करतो, असं अनेक चांगले फोटोग्राफर म्हणतात, आणि न्यूयॉर्कच्या सॉल लायटरने लांबच्या लेन्सने रस्त्यांची जी चित्रं काढली ती कुणी नाकारू शकत नाही. पण लायटरला काय हवं होतं ते बघा. वाफ धरलेल्या काचा, छत्र्या, रंगांचे थर. माणूस त्याच्या चित्रात रंगाच्या एका फटकाऱ्यासारखा येतो. ज्याला रंग हवेत त्याने जरूर लांब राहावं. ज्याला माणूस हवा, त्याचं काम हवं, त्याच्या भोवतीचं दुकान आणि गिऱ्हाईक हवं, त्याने लांबून काय मिळवलं? बेसावध चेहरा. आणि बेसावध म्हणजे नैसर्गिक, हे समीकरण मला पटत नाही. आपल्याकडे कोणी बघतंय हे माहीत असूनही जो हमाल आपलं काम थांबवत नाही, तोही नैसर्गिकच असतो, किंबहुना जास्त असतो. शिवाय लांबची लेन्स दिसत नाही हा भ्रम आहे. जळगावच्या सराफ बाजारात दुकानांकडे रोखलेलं ७०-२००चं पांढरं नळकांडं बघून कुणाच्या मनात कला येत नाही, टेहळणी येते. सोनं घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला तो माणूस सतरा मीटरवर आहे यात दिलासा वाटत नाही, उलट धास्ती वाटते. लग्नात ही लेन्स लागते ती मंगलाष्टकांच्या वेळी स्टेजभोवती व्हिडिओवाले, भटजी आणि करवल्या यांची भिंत उभी राहते म्हणून. तिथे ती गरज आहे. तीच सवय रविवारी बाजारात घेऊन गेलं की घोळ होतो.

लपण्याचा रस्ता लोकांनी प्रामाणिकपणे चालून बघितलेला आहे. छायाचित्रकार पॉल स्ट्रँडने १९१६मध्ये न्यूयॉर्कात कॅमेऱ्याच्या बाजूला खोटी लेन्स बसवली होती. लोकांना वाटे हा तिकडे बघतोय, आणि चित्र निघे भलत्याच दिशेचं. वॉकर एव्हान्सने १९३८ ते १९४१ या काळात भुयारी रेल्वेत कोटाच्या आत कॅमेरा लपवून समोरच्या बाकावरचे चेहरे टिपले आणि त्यांचं पुस्तक १९६६पर्यंत बाहेर आणलं नाही. चित्रं मोठी आहेतच. पण मोठ्या शहरातली ती अनोळख आपल्या गावात नाही. लाखो माणसांत एकदा दिसलेला माणूस एव्हान्सला बहुधा पुन्हा भेटणार नव्हता. धुळ्याच्या पाच कंदील भागात आज ज्याचं चित्र लपून काढलं तो पुढच्या बुधवारी त्याच जागी लिंबं विकत बसलेला असतो. त्याला पुन्हा सामोरं जायचं आहे.

आता उलट्या बाजूने बघू. न खुपण्याचा आकाराशी संबंध किती? वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला रोलिफ्लेक्स वापरत. तो कॅमेरा चांगला ठोकळ्यासारखा, लहान अजिबात नव्हे. पण तो पोटाशी धरायचा असतो आणि वरून काचेत बघायचं असतं, त्यामुळे फोटोग्राफरची मान खाली राहते आणि समोरच्याला त्याचा चेहरा उघडा दिसतो. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ लायकावर ५० मिलिमीटर लावून फिरे आणि कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवी. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी एका कोपऱ्यात, त्यामुळे निम्मा चेहरा बाहेर राही. मला या दोन उदाहरणांतून दिसतं ते असं, की समोरच्याला खुपतं ते यंत्राचं माप कमी आणि आपला चेहरा झाकला जाणं जास्त. डोळ्यांच्या जागी भलंमोठं काळं भोक आलं की माणूस बिचकतो. चपटी लेन्स लावलेला लहान कॅमेरा नाकापाशी आला तरी कपाळ, भुवया, एक डोळा, हसू एवढं दिसत राहतं, आणि तेवढ्यावर बोलणं चालू राहू शकतं.

मग फोन काय वाईट, हा पुढचा प्रश्न. आकारात त्याच्याशी कुणीच स्पर्धा करू शकत नाही, आणि त्याची मुख्य लेन्स बहुधा २४ ते २६ मिलिमीटरसारखी, म्हणजे जवळ जायला लावणारीच असते. चित्राच्या दर्जाची हुज्जत मी घालणार नाही. फरक आहे तो फोन बघून लोकांच्या मनात काय येतं याचा. आज बाजारात समोर फोन धरला की पहिली शंका रील आणि ‘व्हायरल’ची येते, आणि ती रास्त आहे. जुन्या वळणाच्या लहान कॅमेऱ्याबद्दलचा प्रश्न वेगळा असतो: “कोणत्या पेपरचे?” या प्रश्नाला उत्तर देता येतं. शिवाय आपल्या उन्हात फोनच्या पडद्यावर आपलाच घामेजलेला चेहरा सोडून काही दिसत नाही, ही छोटी पण रोजची कटकट.

जवळ जाणं म्हणजे सभ्य असणं नव्हे, हेही सांगून टाकतो, नाहीतर माझ्या युक्तिवादाला उगीच संतपणा यायचा. छायाचित्रकार ब्रूस गिल्डन लोकांच्या तोंडापाशी जाऊन फ्लॅश उडवतो, तोही रुंद लेन्सनेच. लेन्स वागणूक शिकवत नाही. पण ती दाद मागायची जागा ठेवते. तीन मीटरवरून समोरची बाई नुसती मान हलवून नको म्हणू शकते आणि ते आपल्याला दिसतं. सतरा मीटरवरून तिला विचारलंच गेलेलं नसतं. २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला. रस्त्यावरच्या प्रत्येक छायाचित्राला त्याचा कसा धागा लागेल यावर वकील वाद घालत राहतील, पण भरबाजारात उभ्या माणसालाही थोडं स्वतःचं असं काही असतं, हे कळायला निकालपत्र वाचावं लागत नाही.

खरेदी करणाऱ्यासाठी दोन-तीन गोष्टी उरतात. हल्लीच्या बऱ्याच चपट्या लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले नसतात आणि फोकसची कडी मोटारीवर चालते. मग तीन मीटरवर फोकस बांधून ठेवणं अवघड जातं, कारण कॅमेरा बंद करून चालू केला की बांधलेलं सुटू शकतं. आकडे असलेली जुनी, हाताने फिरवायची लेन्स हे काम जास्त इमानाने करते. रिकोच्या जीआर मालिकेतल्या कॅमेऱ्यांत तर ठरावीक अंतरावर फोकस आपोआप बसवण्याची सोयच आहे, पण तिथे लेन्स बदलता येत नाही. मला तो दोष वाटत नाही, कारण एप्रिलच्या वावटळीत धुळ्याच्या रस्त्यावर लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर मातीचा सडा घालणं. आणि घरात कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ झूम आधीच असेल, तर दिवसाच्या कामाला काहीच घेऊ नये. ती २४ वर नेऊन कडीला चिकटपट्टी लावावी. चित्र जवळपास तेच येतं, थोडं नळकांडं पुढे येतं इतकंच.

थंडीत जळगावला भरिताची वांगी येतात, २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, हिरवी, लांबट, हाताला जड. कपाशीच्या वाळल्या काट्यांवर ती भाजतात, साल काळी पडून फुटते आणि आतला गर वाफेसकट उघडा पडतो. मग तो लाकडी भांड्यात ठेचायला घेतात. ठेचणाऱ्याच्या मनगटाला गर चिकटलेला असतो, धुराने डोळे बारीक झालेले असतात, आणि लसूण-मिरची टाकायला दुसऱ्याचा हात मध्ये येतो. कॅननची ती २४ मिलिमीटर लेन्स सोळा सेंटिमीटरपर्यंत फोकस करते, त्यामुळे आधी तीन मीटरवरून चूल, माणसं, पत्रावळींचा गठ्ठा असं सगळं घेता येतं आणि परवानगी मिळाली की त्याच लेन्सने मनगटापर्यंत जाता येतं. मध्येच ठेचणारा मान वर करतो आणि विचारतो, कशाला काढताय, कुठे छापणार. उत्तर द्यायला तीन मीटरवरून आवाज चढवावा लागत नाही.